पातीपुरता लसूण

दसरा झाला, पहाटे पांघरूण लागायला लागले की स्वयंपाकघरातल्या टोपलीतला लसूण हट्टाला पेटतो. फाल्गुनात घेऊन ठेवलेल्या गड्ड्याची पाकळी सोलावी, तर आत हिरवा कोंब. पाकळी मऊ, चव उतरलेली. बहुतेक घरांत अशा पाकळ्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत जातात. पण हा लसूण नासलेला नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीतून निघाल्यावर गड्डा काही महिने झोपी जातो, ती झोप आता पुरी झालेली असते. महाराष्ट्रात लसूण लावायचा काळही हाच : साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत तर हे गणित आपोआप जुळते. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदाभजी, भरीत, लसणाची चटणी असे सगळे मनसोक्त खाऊन कांदा-लसणाला चार महिने रजा द्यायची. कार्तिकी एकादशीनंतर डबा उघडावा, तर उरल्यासुरल्या लसणाला बोटभर कोंब फुटलेले. कुणी ठरवून केलेले नसले, तरी लावणीसाठी याहून सोयीचा मुहूर्त शोधून सापडायचा नाही.

लसूण खावा की खाऊ नये, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा इथे हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांची एक संस्कृत पोथी लागली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ही पोथी आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, आणि तिच्या आरंभीच्या भागात लसणाची उत्पत्ती, गुण आणि सेवनविधी सांगितले आहेत. ज्यांना लसूण वर्ज्य, त्यांच्यासाठी पळवाटही आहे : गाईला तीन रात्री उपाशी ठेवून मग गवतात लसूण मिसळून खाऊ घालायचा आणि तिचे दूध प्यायचे. नियमही पाळला आणि औषधही पोटात गेले!

ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो वास अखंड पाकळीला जवळपास नसतोच. पाकळी ठेचली की पेशी फुटतात, त्यांतले ॲलिइन आणि ॲलिनेज नावाचे विकर एकत्र येतात आणि क्षणात ॲलिसिन तयार होते. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ॲलिसिन वेगळे काढले ते १९४४ साली. हीच क्रिया पातीतही घडते, फक्त जरा सौम्य. म्हणून लसणाची पात कापताना हाताला वास येतो, आणि खलबत्त्यात पडली की घरभर पसरतो.

आता लावणीकडे. लसणाला लावण्यायोग्य बी धरत नाही. एका गड्ड्याच्या पाकळ्या सुट्या करायच्या, त्या लावायच्या, त्यांतून पुन्हा गड्डे. हजारो वर्षे हेच चालले आहे. त्यामुळे आज कुंडीत खोचलेली पाकळी ही एका अर्थाने कुणा पुरातन रोपाचाच तुकडा असतो. त्याचा तोटा असा, की रोगही पिढ्यान्‌पिढ्या बरोबर येतो. काळे डाग पडलेला, बुरशी धरलेला किंवा हाताला भुसभुशीत लागणारा गड्डा स्वस्त मिळाला म्हणून लावू नये.

बाजारातला लसूण लावला तर चालतो का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. चालतो, पण तो कुठल्या हवेतला आहे हे बघावे लागते. डोंगराळ थंडीत, लांब दिवसांच्या प्रदेशात वाढणारे मोठ्या पाकळ्यांचे वाण आपल्या पठारावर नुसती पात वाढवत बसतात. आपल्याकडे लागतात ते लहान दिवसांत गड्डा धरणारे वाण. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला केंद्र सरकारचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथले ‘भीमा ओंकार’ हे पांढरे आणि ‘भीमा पर्पल’ हे जांभळट सालीचे वाण १२० ते १३५ दिवसांत तयार होतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘गोदावरी’ आणि ‘श्वेता’ही जुने आणि माहितीतले. यांपैकी काही मिळाले नाही, तर आठवडी बाजारात आसपासच्या गावाहून आलेला बारीक पाकळीचा, डोळ्यांत पाणी आणणारा गावरान लसूण घ्यावा. जो इथे वाढला, तो पुन्हा इथे वाढेल, एवढे तरी त्याच्याबद्दल खात्रीने म्हणता येते.

गड्डा धरण्यासाठी लसणाला आधी गारवा लागतो आणि मग वाढता दिवस. गारव्यात पात वाढते, मुळे पसरतात. संक्रांतीनंतर दिवस मोठा आणि हवा उबदार होत गेली की पातीने बनवलेले अन्न खाली उतरते आणि पाकळ्या फुगतात. लावणी डिसेंबरात गेली तर पात वाढायला वेळच उरत नाही आणि गड्डा सुपारीएवढा राहतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी या किनारी पट्ट्यात तर थंडी नावालाच आणि हवा दमट. तिथे चांगला भरलेला गड्डा मिळणे कठीणच.

म्हणूनच घरच्या बागेत लसूण लावावा तो पातीसाठी. गड्डा मिळाला तर तो वरकड समजावा. हे जरा निरुत्साही वाटेल, विशेषतः ज्यांनी २०२४ साली किरकोळ बाजारात किलोला चारशे रुपयांच्या वर मोजून लसूण आणला आणि मग चिडून कुंड्या आणल्या त्यांना. पण साधा हिशोब करून बघावा. महिन्याला अर्धा किलो लसूण लागणाऱ्या घराला वर्षाला ६ किलो हवा. एक गड्डा २५ ग्रॅमचा धरला तर २४० गड्डे झाले. शेतात लसूण १५ सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरवर लावतात, म्हणजे २४० रोपांना ३.६ चौरस मीटर, सुमारे ३९ चौरस फूट जागा. घराला मागचे अंगण असेल तर सहा फूट बाय साडेसहा फुटांच्या एका वाफ्यात वर्षाचा लसूण निघू शकतो, आणि तसा तो जरूर काढावा. बाल्कनीत मात्र बारा इंची कुंडीत या अंतराने चार-पाचच रोपे बसतात. वर्षाच्या लसणासाठी पन्नासेक कुंड्या लागतील. मग कपडे कुठे वाळत घालायचे?

त्याच बारा इंची कुंडीत पातीसाठी मात्र पाच-पाच सेंटिमीटरवर पंचवीस पाकळ्या आरामात बसतात. गड्ड्याच्या बाहेरच्या अंगाच्या जाड पाकळ्या गड्ड्यासाठी वेगळ्या काढाव्यात आणि मधल्या बारीक, सोलायला कंटाळा येणाऱ्या पाकळ्या पातीला वापराव्यात. साल काढायची नाही. टोक वर, बूड खाली, वर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर माती. उलटी लावलेली पाकळीही उगवते, पण कोंबाला वळसा घालून वर यावे लागते. लसणाची मुळे फार खोल जात नाहीत, त्यामुळे वीतभर खोल कुंडी किंवा भाजीचा जुना क्रेटही पुरतो. पाणी मात्र साचता कामा नये. थंडीत कुंडी लवकर सुकत नाही आणि रोज सवयीने पाणी घालणाऱ्यांची पाकळी मातीतच कुजते. बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, तेही सकाळी.

महिन्या-सव्वा महिन्यात पात वीतभर वर येते. मातीपासून तीन-चार बोटे सोडून कात्रीने कापावी. पुन्हा फुटते. दुसरी कापणी पहिलीपेक्षा बारीक, तिसरी अगदीच केसासारखी. तोवर पुढची कुंडी तयार असली पाहिजे. ऑक्टोबर ते जानेवारी दर पंधरा दिवसांनी एक कुंडी लावत गेले की पात अखंड मिळते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची : ज्या रोपाची पात कापली, त्याच्याकडून गड्ड्याची आशा करायची नाही. पात म्हणजेच त्याचा स्वयंपाकघर-कारखाना. गड्ड्यासाठीच्या रोपांना जानेवारीत कितीही मोह झाला तरी हात लावू नये.

या पातीचे करायचे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. हिरवी मिरची, मीठ, भाजलेले शेंगदाणे आणि ओंजळभर पात यांचा तव्यावर परतून ठेचा, सोबत गरम बाजरीची भाकरी. खानदेशातल्या भरतावर कांद्याच्या पातीबरोबर हीही पडली तर बिघडत नाही. शेजारच्या गुजरातेत तर हिरव्या लसणाशिवाय उंधियूला हात घालत नाहीत. बाजारात हा ओला लसूण थोडेच दिवस दिसतो आणि जुडीला बराच भाव सांगतात. घरच्या कुंडीतून तो चार महिने निघतो.

लसणाच्या जोडीने थंडीतल्या इतर भाज्याही लावता येतात. या थंडीच्या बागेबद्दल फारसे न बोलले जाणारे एक म्हणजे ऊन. उन्हाळ्यात जी बाल्कनी तापत होती तीच डिसेंबरात सावलीत जाते, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्यात २२ डिसेंबरला ऐन दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. परिणामी उत्तरेकडच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही आणि दक्षिणेकडच्या खिडकीत ते पार आतल्या लादीपर्यंत पोचते. गच्चीवर कठड्याची सावलीही लांबते. बी आणण्याआधी एका सुटीच्या दिवशी दर दोन तासांनी ऊन कुठे आहे ते बघून खडूने खूण करावी. पाच-सहा तास ऊन मिळते तिथे लसूण, मुळा, वांगी, टोमॅटो, घेवडा. तीन-चार तास मिळते तिथे मेथी, कोथिंबीर, पालक. त्याहून कमी असेल तिथे खुर्ची टाकून चहा प्यावा.

पालेभाज्यांत नवख्याने सुरुवात करावी ती मेथीने. स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरले, वर बोटाच्या जाडीची माती टाकली की तीन-चार दिवसांत उगवण आणि महिन्याच्या आत भाजी. मुंबईच्या बाजारात ‘समुद्र मेथी’ म्हणून जी बारीक जुडी मिळते, ती रेताड जमिनीतली, दोन पानांवरच मुळासकट उपटलेली. कुंडी दाट पेरून बारा-पंधरा दिवसांत उपटली की घरीही तसलीच मेथी मिळते.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार घरोघरची. धणा म्हणजे एक बी नव्हे. त्या गोळीत दोन बिया चिकटलेल्या असतात. चपलेखाली किंवा लाटण्याखाली हलके रगडून धण्याच्या दोन फाकी कराव्या आणि मग पेराव्या. तरीही उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि नेमके सातव्या दिवशी धीर सुटून माणूस कुंडी उकरतो.

पालकाला मात्र धीराची फार परीक्षा नाही. इंग्रजी पुस्तके ज्याला स्पिनॅच म्हणतात ते झाड वेगळे. आपला पालक बीटाचा सख्खा भाऊ. त्यामुळे तो आपली उष्णता सोसतो, कापला की पुन्हा फुटतो आणि एका पेरणीत चार-पाच वेळा भाजी देतो. त्याच्या शेजारी चाकवत आणि शेपूची एकेक ओळ टाकावी. चाकवत हल्ली शहरातल्या भाजीवाल्याकडे क्वचितच असतो, आणि ताकातली चाकवताची पातळ भाजी ज्यांना ठाऊक आहे त्यांना तेवढे एक कारण पुरेसे आहे.

मुळा सरळ बी पेरून लावायचा. रोप उपटून दुसरीकडे लावले की मुळाला फाटे फुटतात. चाळीस-पन्नास दिवसांत काढला नाही तर तो जून होतो, आत पोकळ पडतो. पण दोन मुळे मुद्दाम तसेच सोडावेत. त्यांना फुले येतात, मग शेंगा. त्याच डिंगऱ्या. त्यांची भाजी ज्याने खाल्ली आहे तो मुळा विसरून डिंगऱ्यांसाठीच कुंडी लावतो. गाजराला मात्र खोल, भुसभुशीत, खडे नसलेली माती हवी. कुंडीत ते बहुधा बोटाएवढे राहते आणि मुलांना तेच आवडते.

फ्लॉवर आणि कोबी यांच्या नादी नवख्याने लागू नये, असे स्पष्टच सांगितलेले बरे. एक रोप एक मोठी कुंडी अडीच-तीन महिने अडवते आणि देते काय, तर एक गड्डा. त्यातही फ्लॉवर नखरेल. भारतात तो आला १८२२ साली, इंग्लंडमधल्या क्यू उद्यानातून, आणि रुजला तो सहारनपूरच्या कंपनी बागेत. पुढे इथल्या हवेत वेगवेगळ्या हंगामांचे वाण तयार झाले. लवकरच्या हंगामातला ‘पुसा दीपाली’ वेगळा आणि कडक थंडी मागणारा ‘स्नोबॉल’ वेगळा. रोपवाटिकेत नुसते ‘फ्लॉवरचे रोप द्या’ म्हणून आणले आणि वाण चुकला, तर शर्टाच्या गुंडीएवढा गड्डा येऊन वाढ तिथेच थांबते. त्याऐवजी नवलकोल लावावा. पन्नास-साठ दिवसांत तयार, लहान कुंडीत मावणारा, आणि कोवळी पानेही भाजीला येतात. कोबीवर्गीय भाज्यांवर अळी पडतेच. बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेने कोबीच्या शेतात मोहरीच्या ओळी लावून पतंगांना तिकडे वळवण्याची युक्ती रूढ केली. घरी एका कुंडीत मूठभर मोहरी पेरली तर निदान मावा आधी कुठे बसतो ते तरी कळते.

लसूण शेजारी लावला की किडी येत नाहीत, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. तसे असते तर खुद्द लसणावर फुलकिडे आले नसते. ते येतात. पातीवर चंदेरी चट्टे दिसू लागले की त्यांचेच काम समजावे. सकाळी पाण्याचा जोरकस फवारा पातीच्या बेचक्यात मारला, की घरच्या बागेपुरता बंदोबस्त होतो.

वेलवर्गात थंडीचा राजा घेवडा आणि वाल. इथे एका बागेची गोष्ट सांगायलाच हवी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घराच्या आसपास त्यांनी गावरान वाणांची परसबाग उभी केली आणि भाज्यांचे, भाताचे बी जपून गावोगावच्या बायकांना वाटले. त्यांच्या बियाणे बँकेत वालाचे आणि घेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत, रंगाने, आकाराने, शेंगेच्या बाकाने वेगवेगळे. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संकरित पाकिटातल्या बियांपासून आलेल्या भाजीचे बी पुढच्या वर्षी तसेच निघेल याचा भरवसा नसतो. गावरान वाणाचे मात्र ठेवता येते, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचे काम उभे आहे. घरच्या बागेतही घेवड्याच्या चार उत्तम शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात आणि ते बी राख चोळून काचेच्या बरणीत ठेवावे. पुढच्या वर्षी पाकीट विकत घ्यावे लागत नाही.

कोकणात हा वाल भातकापणीनंतरच्या ओलीवरच येतो, पाणी न देता. आणि जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात पोपट्या लागतात : भांबुर्डीच्या पाल्याने मडके आतून भरून त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी घालायची, मडके उपडे करून भोवती जाळ करायचा. ज्या किनारपट्टीला लसणाचा गड्डा मिळाला नाही तिची ही भरपाई समजायला हरकत नाही. अलिबागकडे पांढरा कांदा आहे तो वेगळाच. त्याच्या वेण्या हायवेच्या कडेला टांगलेल्या दिसतात आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

थंडीच्या बागेची खरी परीक्षा होते ती भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. वांगी, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, तीळकूट घातलेली मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ऑक्टोबरात पेरलेली बाग बरोबर या दिवशी भरात असते. त्याआधी मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून बऱ्याच घरांत चातुर्मासात सोडलेले वांगे पुन्हा पानात येते. त्यासाठी वांग्याची रोपे ऑगस्टअखेरच कुंडीत गेलेली हवीत. दिवाळीत लावलेले वांगे चंपाषष्ठीला नव्हे, होळीला मिळते.

फेब्रुवारी संपत आला की लसणाची पात शेंड्याकडून पिवळी पडत जाते, मान मऊ होते. तेव्हा पाणी तोडायचे. निम्मी पात पिवळी झाली की रोप मुळासकट उपटायचे, माती झटकायची, धुवायचे मात्र नाही. पूर्ण वाळेपर्यंत थांबले तर मातीतच साल फाटून पाकळ्या सुट्या होतात. पातीसकट आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरून मग जुड्या बांधून टांगून ठेवायचे. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नये. तिथल्या गारव्यात त्याला हिवाळा आल्यासारखे वाटते आणि तो लवकर कोंब काढतो.

काही रोपांखाली पाकळ्या न पडलेला, बोरासारखा एकसंध गोल गड्डा निघतो. पाकळी बारीक होती, लावणी उशिरा झाली किंवा गारवा कमी पडला, की असे होते. तो फुकट गेला असे समजू नये. चवीला तो तितकाच तिखट, आणि सोलायला एकच साल. न खाता ठेवला आणि ऑक्टोबरात पुन्हा लावला, तर त्याच्यापासून बहुधा पाकळ्यांचा चांगला गड्डा निघतो.